शेजारच्या अंकलचा सुपरमॅन

माझ्या मुलाला ताठ उभं राहायला ज्यांनी शिकवलं, ते सिंगापूरच्या तोआ पायोला आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून राहायचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आम्हीही त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. सिंगापुरात वडीलधाऱ्या शेजाऱ्याला ‘अंकल’ म्हणतात आणि तेवढ्यात सगळं येतं.

१९९८ साली आम्ही पुण्याहून तिथे गेलो. वर्षभरात मला एका कचेरीत हिशेबाचं काम मिळालं. मुलगा पहिलीत होता. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं, चिनी अजिबात नाही, आणि शाळेतून तो मान खाली घालूनच परतायचा. दुपारी त्याला कुणाजवळ ठेवायचं हा माझा घोर अंकलनी न विचारता ओळखला. लोखंडी जाळीच्या दारातून म्हणाले, “आ बॉय माझ्याकडे बसेल. सिनेमा बघेल.” पैशांचं नाव काढलं तर त्यांनी असा हात झटकला की मी गप्प झाले.

अंकल थिएटरातले निवृत्त ऑपरेटर. रिचर्ड डॉनरचा १९७८चा ‘सुपरमॅन’ सिंगापुरात लागला तेव्हा केबिनमध्ये तेच होते. १४३ मिनिटांचा चित्रपट, एकेक रीळ जेमतेम वीस मिनिटांचं, शेजारी शेजारी दोन यंत्रं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, त्यावर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की चित्र त्या यंत्रावर घ्यायचं. प्रेक्षकाला ते ठिपके दिसतही नाहीत, ऑपरेटरला दुसरं काही दिसत नाही. अंकल सांगायचे, “मी हा सिनेमा आठवडेच्या आठवडे चालवला, पण माझा डोळा कोपऱ्यात. घरी डिस्क आली तेव्हा पहिल्यांदा चित्राच्या मधोमध बघितलं.”

घरी बघायच्या आवृत्तीचं मोल इतक्या नेमकेपणाने मी दुसऱ्या कुणाकडूनही ऐकलं नाही.

ती डिस्क म्हणजे ताटाएवढी लेझरडिस्क, सुंगेई रोडच्या जुन्या बाजारातून आणलेली. एका बाजूला तासाभराचाच सिनेमा मावायचा, की उठून ती उलटायची. बाकीचं जग व्हीसीडीकडे गेलं होतं, तोआ पायोच्या दुकानांत व्हीसीडीच्या चळती लागलेल्या असायच्या. अंकलना व्हीसीडीचं चित्र सहन व्हायचं नाही. तसं लेझरडिस्कवरही त्यांचं समाधान नव्हतंच. रुंद पडद्यासाठी काढलेला चित्रपट टीव्हीच्या चौकोनात बसवताना दोन्ही बाजूंचं मिळून निम्म्याला जरा कमी चित्र कापलं जातं. गव्हाच्या शेतात तरुण क्लार्क, म्हणजे पुढचा सुपरमॅन, आईचा निरोप घेतो तो प्रसंग आला की अंकल उठून टीव्हीच्या दोन्ही बाजूंना हात पसरायचे आणि मुलाला सांगायचे, “इथपर्यंत शेत होतं. इथपर्यंत आकाश.” ते शेत कॅनडातल्या अल्बर्टाचं आणि छायाचित्रण जेफ्री अन्सवर्थ यांचं, हेही त्याला तिथेच कळलं. चित्रपट लागायच्या आधीच, ऑक्टोबर १९७८मध्ये, अन्सवर्थ गेले. चित्रपट त्यांनाच अर्पण केला आहे. पडद्यामागच्या माणसाचं नाव घेताना अंकलचा आवाज बदलायचा.

त्यांच्या घरात एक नियम होता. एकदा बघून मत द्यायचं नाही. दुसऱ्यांदा बघायचं, मग बोलायचं, आणि बोललं की पुढच्याने ऐकायचं, मग तो पहिलीतला का असेना. माझ्या मुलाचं म्हणणं इतक्या गंभीरपणे ऐकून घेणारा त्या वेळी तरी दुसरा कुणी नव्हता, मी धरून. त्याचं पहिलं मत शेवटाबद्दल होतं. सुपरमॅनची लाडकी लोइस मरते आणि तो पृथ्वीभोवती उलटा उडून काळच मागे नेतो, ही त्याच्या मते लबाडी. अंकलनी विचारलं, का? त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मग कुणी मेलं तरी घाबरायचं कशाला. संध्याकाळी जिन्यात गाठून अंकलनी मला ते वाक्य दोनदा ऐकवलं.

पुढच्या वर्षी आई पुण्याहून आली. माझे वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते. तिलाही अंकलनी बसवलं. क्रिप्टन ग्रहाचा नाश होताना बाळाला यानात घालून पाठवतात ते पाहून ती सहज म्हणाली, “म्हणजे वसुदेवाचीच टोपली की.” जन्मदात्या बापाच्या, म्हणजे मार्लन ब्रँडोच्या, पांढऱ्या झग्याकडे तिचं लक्षच गेलं नाही, तिचा जीव अडकला तो बाळाला वाढवणाऱ्या, शेतावरच्या केंट नवरा-बायकोत. ग्लेन फोर्डने केलेला म्हातारा बाप अंगणात कोसळतो आणि एवढी ताकद असूनही मुलाला काही करता येत नाही, तिथे तिने पदराने डोळे टिपले. शेवट झाल्यावर विचारलं, “बाईसाठी पृथ्वी फिरवली, मग बापाच्या वेळी का नाही फिरवली?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. अंकल काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो भाग पुन्हा पाहिला आणि संध्याकाळी आईला सांगायला आमच्या दारात आले: तेव्हा तो मोठ्यांचं ऐकणारा मुलगा होता, लोइसच्या वेळी त्याने पहिल्यांदा जन्मदात्या बापाची आज्ञा मोडली. आणि शेतावरच्या बापाच्या वेळी जे जमलं नाही, तेच त्याच्या मनात असणार. आईने मान डोलावली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तो शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी योजला होता आणि तिथून उचलून इथे लावला, हे त्यांनी पुढे वाचून सांगितलं, तरी आईला दिलेलं उत्तर त्यांनी बदललं नाही. मलाही तेच उत्तर पटतं.

पण अंकलचा खरा जीव दुसऱ्याच प्रसंगात होता. लोइस आतल्या खोलीत गेलेली, बाहेर क्लार्क एकटा. तो चष्मा काढतो, खांदे मागे घेतो, पाठ सरळ करतो, आणि आवाजही खोल होतो. आता खरं सांगणार, तोच धीर सुटतो, चष्मा पुन्हा डोळ्यांवर, खांदे पुन्हा पुढे. ख्रिस्तोफर रीव्हने हे कुठलीही तार, कुठलंही तंत्र न वापरता केलं. “उडायला शंभर माणसं लागली. ह्याला एकच,” अंकल म्हणायचे. मग मुलाला भिंतीशी उभं करायचे: “आता क्लार्क. आता तो.” माझा मुलगा त्या भिंतीशी वाढला. वर्गात उभं राहून त्याने इंग्रजीत पहिल्यांदा काही सांगितलं ते ह्याच प्रसंगाबद्दल.

२००१ साली डीव्हीडी आली, १५१ मिनिटांची, कापलेले तुकडे जोडलेली, आणि मुख्य म्हणजे रुंद. शेत पूर्ण दिसलं. मी एक प्रत भावाला पुण्याला धाडणार होते, तर अंकलनीच अडवलं: सिंगापूरची डिस्क तिसऱ्या विभागाची, भारत पाचव्यात, तिकडच्या यंत्रावर चालेलच असं नाही. पण ते स्वतः मात्र दुखावले होते. नव्या आवृत्तीत बरेच आवाज नव्याने करून घातले होते. इतरांना ते अधिक भारदस्त वाटले, माझ्या नवऱ्यालाही. अंकलचा डोळा केबिनमध्ये कोपऱ्यात असायचा, म्हणून हा चित्रपट त्यांना कानांनी पाठ होता. जॉन विल्यम्सचं संगीत तेच, त्यामागचे धडाके परके. ते हट्टाने बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. इतकं कान देऊन ऐकलेलं असेल तर तक्रार करायचा हक्कच असतो.

ऑक्टोबर २००४मध्ये रीव्ह गेला. १९९५मध्ये घोड्यावरून पडल्यापासून मानेखालचं शरीर निकामी झालं होतं. अंकल वर्तमानपत्र घेऊन आले आणि मुलाशेजारी बसून ती बातमी दोघांनी शेवटपर्यंत वाचली. २००६ साली चित्रपटगृहातली मूळ आवृत्ती डीव्हीडीवर आली तेव्हा मुलाने साठवलेल्या पैशांतून ती त्यांना नेऊन दिली. ती भेट त्यांनी घेतली.

मी दिलेलं मात्र कधीच नाही. दिवाळीचा डबा परत यायचा तो संत्री भरून.

अंकल २०११ साली गेले. इमारतीच्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकमध्ये, मांडव घातला होता. मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेतून रजा घेऊन आला आणि रात्रभर त्यांच्या नातवंडांबरोबर मृतासाठी जाळायच्या कागदांच्या घड्या घालत बसला. तिथल्या चिनी रिवाजाप्रमाणे मृताच्या घरी पांढऱ्या पाकिटातून पैसे द्यायचे असतात. रक्कम विषम, कारण दुःख जोडीने येऊ नये. हे पाकीट नाकारत नाहीत. त्यांच्या मुलीने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि वहीत आमचं नाव आणि रक्कम लिहिली, कारण आमच्या घरी अशी वेळ आली तर त्यांनीही आणून द्यायचं असतं. इतक्या वर्षांत त्या घराने माझ्याकडून घेतलेले हे पहिले पैसे, आणि तेही परत करण्याच्या बोलीवर.