एकोणिसावा

म्हैसुरात राहून मराठीचा अभ्यास करणाऱ्यास काही नावे विशेष जवळची वाटू लागतात. फडेप्पा दरेप्पा चौगुले हे त्यांपैकी एक. स्वतःच्या आणि वडिलांच्या नावातील ‘अप्पा’ कन्नड वळणाचा. आडनाव दख्खनच्या गावगाड्यातील पाटलाच्या हाताखालच्या वतनदाराचे, मराठी कागदपत्रांतून परिचित असलेले. सीमाभागाचा शेजार एवढ्या तीन शब्दांत सहज सामावलेला आहे.

चौगुले बेळगावचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यांतील मुले पाहून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकला संघ पाठविण्याचा विचार आला, आणि १९२० साली अँटवर्पला गेलेल्या सहा खेळाडूंत चौगुले होते. तेथील मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या रूढ अंतराहून अर्ध्या किलोमीटरने अधिक लांब होती. ४८ धावक निघाले, ३५ पोहोचले. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटांत पोहोचले, क्रमांक एकोणिसावा.

विजेत्याचे चरित्र लिहिले जाते, एकोणिसाव्याच्या वाट्यास कोष्टकातील एक ओळ येते. तथापि त्या ओळीखाली सोळा नावे आहेत, आणि वाटेतच थांबलेल्या तेरा जणांत चौगुल्यांचे सहकारी सदाशिव दातार आहेत. ऑलिंपिक मॅरेथॉन पूर्ण करणारा पहिला भारतीय, एवढे कर्तृत्व त्या क्रमांकात दडलेले आहे.

बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात आले. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. मला भीती वाटते ती अशी, की मराठी वाचक चौगुल्यांना परराज्यातले म्हणून आणि कन्नड वाचक आडनावावरून परभाषिक म्हणून बाजूला ठेवील, आणि दोन भाषांच्या मधोमध हा माणूस अनाथ होईल. ‘ते कोणाचे?’ या वादास आपल्याकडे उत्साहाची वाण नाही. ते कसे धावले, कोठे घडले, परतल्यावर कसे जगले, हे लिहून ठेवण्याचा उत्साह मात्र विरळा.

द्विभाषिक ग्रंथांचा आपण आस्थेने अभ्यास करतो. तशीच आस्था द्विभाषिक आयुष्यांच्याही वाट्यास यावी. चौगुल्यांचे साक्षेपी चरित्र मराठीत व्हावे, कन्नडमध्येही व्हावे. कोणते आधी होते, याला महत्त्व नाही.