दहावें नांव

एप्रिल महिना उजाडला कीं आमच्या खोलीच्या दाराशीं रांग लागूं लागते. एरवीं आमची खोली कोणत्या मजल्यावर आहे हें ज्यांस सांगतां यावयाचें नाहीं, असे विद्यार्थीहि या दिवसांत अदबीनें आंत डोकावून "सर, येऊं का?" असें विचारतात. यांत आमच्या विद्वत्तेचा कांहीं संबंध नाहीं, हें आम्ही ओळखून आहों. पुढील वर्षाच्या ऐच्छिक विषयांचा तक्ता भरून द्यावयाचा असतो, आणि त्यावर आमची सही लागते.

एम्. एस्सी. च्या दुसऱ्या वर्षीं गणिताचे कांहीं विषय सर्वांस घ्यावेच लागतात. उरलेले ज्यानें त्यानें निवडावयाचे. या निवडीच्या वेळीं आम्हांस तीन प्रश्न हटकून विचारले जातात. गुण कोणत्या विषयांत अधिक मिळतात? तो शिकविणार कोण? आणि त्याचा पुढें उपयोग काय? त्या विषयांत आहे तरी काय, असें विचारणारा वर्षांतून एखादाच भेटतो.

या तीन प्रश्नांस क्षुद्र म्हणण्याचा मोह आम्हांस तरुणपणीं होत असे. आतां होत नाहीं. ज्याच्या घरीं पुढल्या जूनपासून पगार यावयास हवा आहे, त्यानें उपयोग विचारूं नये तर कोणीं विचारावा? अडचण एवढीच कीं, त्याचें उत्तर कोणासच धड देतां येत नाहीं. केंब्रिजचे गणिती जी. एच्. हार्डी यांनीं १९४० सालीं लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनांत संख्यासिद्धांताच्या निरुपयोगीपणाबद्दल जवळजवळ समाधानच व्यक्त केलें आहे. पुढें १९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनीं त्याच शास्त्राच्या आधारानें गुप्त लेखनाची एक पद्धति बसविली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणें सोपें, परंतु गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकून काढणें महाकठीण, एवढ्याच गोष्टीवर ती उभी आहे. आणि संगणकावरून होणारे व्यवहार सुरक्षित राखण्यास तिचा मोठा हातभार लागला. ज्या उपयोगाची हार्डींना कल्पनाहि नव्हती, तो असा ३७ वर्षांनीं उगवला!

हा संख्यासिद्धांत आमचा विषय. वीस वर्षें आम्ही तो शिकवीत आलों. परंतु आमच्या कॉलेजचा नियम असा कीं, दहा नांवें आल्यावांचून ऐच्छिक विषयाचा वर्ग उघडावयाचा नाहीं. यंदा मुदत संपण्यास चार दिवस उरले असतां आमच्या यादींत नांवें होतीं नऊ.

अशा वेळीं एक विद्यार्थिनी आली. मुलगी हुशार, वडिलांची नोकरी सुटलेली, आणि घर आईच्या शिवणकामावर चाललेलें. तिच्या मनांत दोन विषय होते, संख्यासिद्धांत आणि संख्याशास्त्र. नांवें जुळ्या भावांसारखीं; पण पहिला दोनप्रहरीं ओसरीवर विचार करीत बसणारा, तर दुसरा सकाळीं डबा घेऊन कचेरीस जाणारा. ती म्हणाली, "सर, तुम्ही सांगाल तो घेतें."

हार्डी, मूळ संख्या, बँकेचे व्यवहार हें सारें आमच्या जिभेवर तयार होतें. त्यांतील अक्षरहि खोटें नव्हतें. आणि नेमक्या त्याच क्षणीं आम्हांस आमचे एक गुरुजी आठवले. तीस वर्षांमागें आम्हीहि असेच त्यांच्यापुढें उभे होतों. टोपॉलॉजी घेण्याचें आमच्या मनांत होतें; त्यांनीं मोठ्या आपुलकीनें त्यांचा स्वतःचा विषय घ्यावयास लावला. पुढें प्राध्यापक झाल्यावर टोपॉलॉजी शिकविण्याची पाळी आम्हांवर आली, तेव्हां प्रत्येक प्रमेय आदल्या रात्रीं शिकून दुसऱ्या सकाळीं फळ्यावर मांडण्याची कसरत आम्ही वर्षभर केली. गुरुजींवर आमचा राग नाहीं. परंतु त्यांनीं त्या दिवशीं विचार आमचा केला होता कीं त्यांच्या यादीचा, हें कोडें मात्र अजून सुटलेलें नाहीं.

आम्ही त्या मुलीस सांगितलें, "माझ्या यादींत एक नांव कमी आहे. तेव्हां माझ्या सल्ल्याच्या पारड्याखालीं माझें बोट आहे असें समज. नोकरीची निकड असेल तर संख्याशास्त्राचा आधार लवकर मिळेल. संख्यासिद्धांताचा आरंभ पुढें घरीं बसूनहि करतां येतो. तरी दोन्हींचें एकेक पुस्तक घेऊन जा, पहिलें प्रकरण वाच, उदाहरणें सोडव. आणि कोणत्या पुस्तकाचीं शेवटचीं उत्तरें पाहावींशीं वाटत नाहींत, तेवढें लक्षांत ठेव."

चौथ्या दिवशीं ती आली. तक्त्यावर संख्याशास्त्र लिहिलें होतें. आम्ही सही केली. जातांना तिनें विचारलें, "सर, तें दुसरें पुस्तक आणखी थोडे दिवस ठेवूं का? त्याचीं उत्तरें अजून पाहिलेलीं नाहींत." आम्ही "ठेव" म्हणालों, आणि ती गेल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलों.

येथें ही हकीकत संपली असती तर आम्हांस स्वतःची पाठ थोपटून घेतां आली असती. परंतु यादींतील नऊ जणांस दुसऱ्या विषयांत वांटून देणें भाग पडलें. त्यांतील एक मुलगा संध्याकाळीं आला. दोन वर्षांपासून तो या विषयाची वाट पाहत होता. "सर, एकच नांव कमी पडलें ना?" एवढेंच तो म्हणाला. एकीशीं आम्ही खरें बोललों, त्याची किंमत या नऊ जणांनीं दिली, हें त्याला सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. गणिताच्या प्राध्यापकास एक आणि नऊ यांत मोठें कोणतें हें सांगतां येऊं नये, ही लाजिरवाणी गोष्ट खरी. पण ती आहे.