पाचारण

मराठी वृत्तपत्रांत 'पाचारण' हा शब्द आता ठरावीक प्रसंगीच भेटतो. कुठे आग लागली की अग्निशमन दलाला पाचारण करण्यात येते, कुठे दंगल उसळली की राखीव पोलिसांना. आमच्या वसईच्या ख्रिस्ती मराठीत मात्र तो अजून जुन्या वजनानिशी वावरतो. एखादा मुलगा सेमिनरीत दाखल झाला किंवा एखादी मुलगी मठात गेली की गावात म्हणतात, "तिला पाचारण आहे." या वाक्याला एक दुसरी, न बोललेली बाजू असते. ती अशी की उरलेल्या आपणा सर्वांना ते नाही. आपण वाड्या कराव्यात, नोकऱ्या कराव्यात, रविवारी मिस्सेला जावे आणि हाक मारण्याची वेळ आली की आपण मारावी. आपल्याला कोणी हाक मारणार नाही. चाळिशी ओलांडेपर्यंत माझी हीच समजूत होती.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला या समजुतीचे फारसे काही वाटत नाही, कारण आपल्या संतकाव्यात हाक बहुधा भक्ताकडूनच जाते. भक्त आळवतो, रुसतो, भांडतो आणि देव धावून येतो. जनाबाईच्या जात्याशी तो येऊन बसतो तोही तिच्या आर्ततेने ओढला जाऊन. पदव्युत्तर वर्गात हे शिकवताना मला नेहमी जाणवत आले की बायबलमध्ये दिशा पुष्कळदा उलटी आहे. तिथे माणूस आपल्या कामात असतो, मेंढरे राखत असतो, जाळी दुरुस्त करत असतो किंवा बालक शमुवेलासारखा चक्क झोपलेला असतो आणि हाक पलीकडून येते. शमुवेलाला तर ती ओळखूही येत नाही. वृद्ध याजक एलीनेच बोलावले असे समजून तो तीनदा उठून त्याच्याकडे धावतो. ही कथा मला फार प्रिय आहे. देवाचा आवाज घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आवाजासारखा असू शकतो, ही त्यातली गोष्ट आपण वाचताना ओलांडून जातो.

माझ्याकडे आलेली हाक आमच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंच्या आवाजात आली, आणि तीही मिस्सेनंतर, चपला घालता घालता. साल २०२२. "बाई, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेऊन देणारी माणसं कमी पडताहेत. तुम्ही याल का?" मी पेपर तपासणी, घर, सासूबाईंचे पथ्यपाणी अशी कारणे सांगितली. ती सर्व खरी होती. खरे कारण वेगळे होते आणि ते मी नंतर सांगणार आहे.

वाचकांतील अनेकांना हा प्रकार अपरिचित असेल, म्हणून थोडे विषयांतर. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सेत अर्पण केलेली भाकर ही प्रतीक राहत नाही, ती ख्रिस्ताचे शरीर होते. म्हणून मिस्सेनंतर उरलेला प्रसाद वेदीजवळच्या टॅबरनॅकलमध्ये कुलूपबंद ठेवतात आणि त्याच्यासमोर अहोरात्र दिवा तेवतो. तिथून तो आजाऱ्यांच्या घरी जातो. शतकानुशतके त्याला याजकाखेरीज कोणी हात लावत नसे. १९७३ साली पोप पॉल सहावे यांनी गरजेप्रमाणे सामान्य श्रद्धावंतांना, स्त्रियांनाही, हे काम सोपवण्याची मुभा दिली. माझ्या आजीला हे कधीच पटले नाही. तिच्या तरुणपणी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. पहाटे विहिरीवरून हंडे भरून आणायचे, पण ओठ कोरडे ठेवायचे. पुढे १९५३पासून टप्प्याटप्प्याने हा नियम सैल होत गेला आणि १९६४ साली उपास एका तासावर आला. त्याच वर्षाअखेरीस मुंबईला आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषद भरली, पोप पॉल सहावे तिला आले, आणि आजी गावच्या बायकांबरोबर ओव्हल मैदानावर जाऊन आली. पोप तिला मुठीएवढे दिसले होते. तरीही ती अखेरपर्यंत मध्यरात्रीपासूनच उपाशी राहिली. "पाहुणा यायचाय, आधी आपण जेवून घ्यायचं?" असे ती म्हणे.

आणखी एक गोष्ट भाषेच्या अंगाने सांगण्यासारखी आहे. शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची 'भाकर' मागतो. आमच्या घरी भाकर तांदळाची. प्रसादाची भाकर मात्र गव्हाचीच लागते, तसा चर्चचा कायदा आहे. लहानपणी मला वाटे, देवाची भाकर आपल्या घरच्यासारखी नाही, म्हणजे तो दूरचा पाहुणा असणार. आणि 'मिस्सा' हा पोर्तुगिजांनी आणलेला शब्द तर मुळात निरोपाचा आहे. लॅटिन उपासनेच्या अखेरीस लोकांना 'जा' असे सांगणारे जे वाक्य होते, त्यातून तो आला. संपूर्ण उपासनेला तिच्या शेवटच्या शब्दाचे नाव मिळावे, याचे मला विद्यार्थिदशेपासून कुतूहल आहे. जा, पण कुठे?

आता खरे कारण. धर्मगुरूंनी दिलेल्या यादीत सात घरे होती. सहावे घर ज्या काकांचे होते, त्यांच्याशी आमचे घर १९९६पासून बोलत नव्हते.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाड्यांमध्ये बावखले असतात. पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारी ही खोदलेली तळी. केळी, पानवेली, भाजीपाला त्यांच्या जिवावर, आणि समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड्या, त्याही बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. आमचे बावखल दोन घरांत सामाईक होते. काकांनी आपल्या वाट्याचा तुकडा विकायला काढला आणि एका पावसाळ्यापूर्वी रात्रीतून मातीचे डंपर रिकामे झाले. पुढच्या काही वर्षांत आमच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. वडिलांनी दावा लावला. २०११ साली वडील गेले तेव्हा दावा चालूच होता. काका मयतालाही आले नाहीत. त्यांचे घर आमच्या ओट्यावरून दिसते.

असे असूनही दोन्ही घरे दर रविवारी एकाच चर्चमध्ये, एकाच वेदीसमोर रांगेत उभी राहत आली. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेले पत्र मी कितीतरी वेळा वाचले आहे. एकत्र जमून काही जण पोटभर खातात, पितात आणि काही उपाशी बसतात, याला प्रभुभोजन म्हणता येत नाही, असे तो स्पष्ट बजावतो. पत्र इसवी सनाच्या पहिल्या शतकातले आहे. ते आमच्या गावाला उद्देशून नाही, एवढाच त्याचा दिलासा.

प्रशिक्षण झाले, जबाबदारी मिळाली. पहिल्या रविवारी गळ्यातल्या छोट्या पिशवीत नाण्यांच्या डबीएवढी डबी घेऊन निघाले. वाटेत कोणाशी बोलायचे नसते, चहाला थांबायचे नसते. त्या घरी सुनेने लहान टेबलावर पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला अशी रीतसर मांडणी केली होती. काकांची उजवी बाजू पक्षाघाताने गेलेली. मी प्रार्थना सुरू केली. ख्रिस्तप्रसादापूर्वी त्या रोमन शताधिपतीचे उद्गार म्हणावे लागतात, ज्याने आपले छप्पर प्रभूला योग्य नाही असे कळवले होते. चर्चमध्ये ते म्हणताना छप्पर हा अलंकार असतो. इथे ते खरे छप्पर होते, आणि त्याचे पैसे कोठून आले ते मला ठाऊक होते. मी प्रसाद उचलला. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

सून ओशाळली. मी प्रसाद परत डबीत ठेवला, उरलेले घर केले आणि तो टॅबरनॅकलमध्ये नेऊन ठेवला. त्या बुजवलेल्या बावखलावरून परत येताना मला काय वाटले? सुटल्यासारखे वाटले. माझे कर्तव्य मी केले, नकार त्यांनी दिला. हा हिशेब मला फार सोयीचा होता.

आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी तासभर परमपवित्र साक्रामेंताची आराधना असते. सोनेरी किरणांच्या पात्रात ती पांढरी भाकर वेदीवर ठेवतात आणि माणसे समोर बसतात. या तासात काहीही घडत नाही. मी कोणत्याही साक्षात्काराचा दावा करणार नाही. माझ्या डोक्यात त्या तासात अंतर्गत गुणांच्या याद्या, गॅस सिलिंडर, मुलीची फी हेच चालते. त्या गुरुवारीही तेच चालले होते. फक्त ते तोंड फिरवणे पुन्हा पुन्हा मध्ये येत होते आणि हळूहळू लक्षात आले की मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नव्हते. मी हातातल्या डबीकडे आणि छपराकडे पाहत होते. पाठ फिरली ती रागाने, हे मी ठरवून टाकले होते. वाङ्मयाच्या अध्यापकाने संहिता न वाचता अर्थ लावावा, तसे.

तरीही शनिवारी मी धर्मगुरूंना फोन करून ते घर दुसऱ्या कोणाला द्यावे असे सुचवले. ते "बरं" म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "पण त्यांच्या सुनेचा निरोप होता. पुन्हा तुम्हीच याल का, असं काका विचारत होते."

दुसऱ्या रविवारी प्रार्थनेआधी मी खुर्ची ओढून बसले. "काका, मी कोणाची मुलगी ते तुम्हाला ठाऊक आहे. दावा अजून चालू आहे आणि तो मी सोडवू शकत नाही."

त्यांची जीभ जड झाली होती. शब्द लावून घ्यावे लागत होते. "ठाऊक हाय, बाय. म्हणून तर तोंड फिरवलं. तुझ्या बापाच्या मयताला आलो नाय. आता तुझ्या हातचं कुठल्या तोंडानं घेऊ?"

पौलाचे पत्र त्यांनी बहुधा कधी वाचले नसावे. रांगेत उभी राहून वर्षानुवर्षे प्रसाद घेत आलेली मी, आणि तो घेण्यापूर्वी अडखळलेले ते. या बाबतीत कोण अधिक कॅथलिक होते, हे मी मला विचारायचे टाळले. पापनिवेदन ऐकण्याचा मला अधिकार नाही, तेवढे सांगून मी उठले. मंगळवारी धर्मगुरू जाऊन आले. तिसऱ्या रविवारी काकांना गिळणे कठीण जात होते, म्हणून भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला. कणाकणात ख्रिस्त पूर्णच असतो, असे चर्च शिकवते. ते शिकवणे मी त्या दिवसापर्यंत फक्त परीक्षेच्या उत्तरासारखे जाणत होते. तुकडा जिभेवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि "आमेन" हा एकच शब्द कुठेही न अडखळता उच्चारला.

त्यानंतर सुमारे दीड वर्ष मी त्या घरी जात राहिले. आम्ही बावखलाविषयी एकदाही बोललो नाही. माझा धाकटा भाऊ मात्र माझ्यावर रागावला. दावा तोच पाहतो, वकिलांच्या फिया तोच भरतो. त्याचे म्हणणे खोटे नव्हते: क्षमा करायला मला काही खर्च आला नव्हता. काही महिने त्याने मला ओट्यावरूनच परत पाठवले.

काका २०२४च्या पावसाळ्यात गेले. दाव्यात त्यांच्या मुलांची नावे वारस म्हणून लागली आहेत. मयताच्या मिस्सेला भाऊ आला नाही, पण अंत्ययात्रा आमच्या दारावरून जाताना तो ओट्यावर उभा राहिला. रात्री जेवताना त्याने मान वर न करता विचारले, "तू शेवटच्या रविवारी गेली होतीस ना? काय म्हणाला तो?"

"काही नाही," मी म्हटले. "प्रसाद घेतल्यावर चमचाभर पाणी मागितलं."

भावाने आपल्यासमोरचा तांब्या थोडा पलीकडे सरकवला आणि जेवत राहिला.