वायोमिंगच्या खाली

अमेरिकन क्लायंटसाठी कधी वेबसाइटचा फॉर्म केला असेल, तर 'स्टेट'चा तो ड्रॉपडाउन तुम्हाला माहीत असेलच. अलाबामापासून सुरू, वायोमिंगला संपला. पन्नास राज्यं आणि एक वॉशिंग्टन डीसी. पण नीट बनवलेली यादी असेल तर वायोमिंगच्या खाली अजून पाच नावं असतात: प्युर्टो रिको, ग्वाम, यूएस व्हर्जिन आयलंड्स, अमेरिकन सामोआ आणि नॉर्दर्न मारियाना आयलंड्स. आमच्या टीममध्ये एकदा यावर गंभीर चर्चा झाली होती की ही ठेवायची की उडवायची. शेवटी टेस्टिंगवालीने विचारलं, "पण तिथे माणसं राहतात का?"

राहतात! २०२० च्या जनगणनेनुसार पाचही ठिकाणं मिळून सुमारे ३६ लाख. म्हणजे २०११ मधल्या गोव्याच्या जवळजवळ अडीच पट.

गेले दोन वीकेंड मी डग मॅक नावाच्या अमेरिकन प्रवासलेखकाचं 'द नॉट-क्वाइट स्टेट्स ऑफ अमेरिका' वाचत होतो. २०१७ चं पुस्तक आहे. हा गडी या पाचही ठिकाणी स्वतः जाऊन आला. आपल्याच देशाचा एवढा मोठा तुकडा आपल्याला शाळेत कुणी शिकवला कसा नाही, हे त्याचं कोडं. पुस्तक आता जुनं झालं म्हणावं, तर बातम्या त्याला नवनवीन प्रकरणं जोडत बसल्या आहेत.

आधी ही बेटं अमेरिकेकडे आली कशी ते बघू, कारण तो भाग भलताच मजेशीर आहे. ग्वामचंच घ्या. जून १८९८. अमेरिका आणि स्पेनचं युद्ध सुरू झालेलं, पण ग्वामवरच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांपर्यंत ही बातमीच पोचलेली नाही. 'चार्ल्स्टन' नावाची अमेरिकन युद्धनौका येते आणि तोफा डागते. स्पॅनिश अधिकाऱ्यांना वाटतं सलामी दिली. ते होडीत बसून नौकेवर जातात आणि दिलगिरी व्यक्त करतात, की आमच्याकडे दारूगोळा नाही हो, उलट सलामी देता आली नाही. तिकडून उत्तर येतं, "सलामी कसली, युद्ध चालू आहे. तुम्ही आमचे कैदी." झालं. बेट गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिसचा तह झाला आणि त्यात प्युर्टो रिकोही अमेरिकेकडे आलं.

व्हर्जिन आयलंड्सची तर सरळ खरेदी. १९१७ साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला. डेन्मार्कमध्ये विक्रीवर सार्वमत झालं, पण ज्यांची बेटं विकली जात होती त्या लोकांना त्यात मत नव्हतं. (तिथे आजही आपल्यासारखी डावीकडून गाडी चालवतात. मात्र गाड्या अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंगही डावीकडेच. ओव्हरटेक कसं करत असतील देव जाणे.) या सौद्यात एक छोटी अट होती. डेन्मार्कने संपूर्ण ग्रीनलंडवर आपला कारभार पसरवला तर अमेरिका हरकत घेणार नाही, असं अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी १९१६ मध्ये लिहून दिलं. ट्रंप यांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये ग्रीनलंड हवं म्हटलं, तेव्हा मला हा कागद आठवला.

आता मुख्य गोष्ट. ती संत्र्यांची आहे.

बेटं तर मिळाली, पण तिथल्या लोकांचं काय करायचं? ते अमेरिकेत आले की नाही? १९०१ साली हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला, तोही एका व्यापाऱ्याच्या संत्र्यांमुळे. त्याने प्युर्टो रिकोहून न्यू यॉर्कला संत्री आणली आणि त्याला ६५९ डॉलर ३५ सेंट जकात भरावी लागली. त्याचं म्हणणं, एका देशातल्या देशात जकात कसली? कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की प्युर्टो रिको अमेरिकेचं आहे, पण अमेरिकेत नाही. एका न्यायमूर्तींनी तर त्याला देशांतर्गत अर्थाने परदेश म्हटलं. आहे की नाही कमाल! मुख्य मत लिहिणारे न्यायमूर्ती ब्राउन. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणं घटनेत बसतं, हा १८९६ चा कुप्रसिद्ध 'प्लेसी' निकाल यांनीच लिहिलेला. प्लेसीचं तत्त्व कोर्टाने १९५४ साली मोडीत काढलं. संत्र्यांचा निकाल मात्र तसाच राहिला. २०२२ मध्ये न्यायमूर्ती गोर्सच यांनी लिहिलं की या निकालांना घटनेत काही आधार नाही, ते वंशभेदावर उभे आहेत. पण रद्द नाही केले.

आपल्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी १९०१ मध्ये कोडमध्ये एक पॅच मारला, वर 'नंतर बघू' अशी कॉमेंट टाकली, आणि सव्वाशे वर्षं तो प्रॉडक्शनमध्ये चालू आहे.

त्या पॅचचे परिणाम ऐका. प्युर्टो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत. पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. त्यांचा प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या सभागृहात बसतो, समित्यांमध्ये मत देतो, पण विधेयक मंजूर करताना त्याचं मत धरत नाहीत. बरं, हे रक्ताला चिकटलेलंही नाही, पत्त्याला चिकटलेलं आहे. सॅन हुआनचा माणूस फ्लोरिडात राहायला गेला की त्याला मत मिळतं. न्यू यॉर्कचा माणूस सॅन हुआनला गेला की त्याचं जातं. आणि तोच न्यू यॉर्कर पुण्यात बाणेरला येऊन राहिला, तर इथून पोस्टाने मत देऊ शकतो! अंतराळ स्थानकातून अंतराळवीर मत देतात. फक्त प्युर्टो रिकोतून नाही.

"पण ते केंद्राचा इन्कम टॅक्स भरत नाहीत ना?" तुम्ही विचाराल. बेटावरच्या कमाईवर बहुतेकांना नसतो, खरं आहे. पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे पैसे कापले जातात, आणि मुलं सैन्यात जातात ती वेगळीच. शिवाय ओहायोमधला गरीब माणूसही इन्कम टॅक्स भरत नाही, त्याचं मत कुणी काढून घेत नाही.

मत नसलं की काय होतं ते २०१७ मध्ये दिसलं. मारिया चक्रीवादळ प्युर्टो रिकोवर आदळलं. त्या वेळच्या एका पाहणीत फक्त ५४ टक्के अमेरिकनांना माहीत होतं की तिथले लोक त्यांच्याच देशाचे नागरिक आहेत. मृतांचा सरकारी आकडा बराच काळ ६४ होता. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तो २,९७५ झाला. ६४ आणि २,९७५. ज्यांच्या मतावर कुणाची खुर्ची ठरत नाही, त्यांचे मृतदेहसुद्धा सावकाश मोजले जातात.

एरवी ही ठिकाणं बातमीत येतात ती दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी. २०१७ मध्ये उत्तर कोरियाने क्षेपणास्त्रांची धमकी दिली तेव्हा ग्वाम. २०२४ मध्ये असांजला गुन्हा कबूल करायचा होता पण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाय ठेवायचा नव्हता, तेव्हा मारियानातलं सायपान. सप्टेंबर २०२५ मध्ये सुपर बोलच्या हाफटाइम शोसाठी बॅड बनीचं नाव जाहीर झालं, तर काहींनी विचारलं की अमेरिकन गायक मिळाला नाही का?

म्हणजे सगळ्यांना राज्य व्हायचंय आणि दुष्ट वॉशिंग्टन होऊ देत नाही, असंही सरळ नाही. अमेरिकन सामोआत जन्मलेले लोक तर नागरिकही नाहीत, फक्त 'नॅशनल'. काही जण नागरिकत्वासाठी कोर्टात गेले, तर खुद्द तिथल्या सरकारनेच विरोध केला. कारण तिथली बरीचशी जमीन कुळाच्या मालकीची आहे, आणि राज्यघटना पूर्ण लागू झाली की ही पद्धत टिकणार नाही अशी भीती. ही भीती मला खोटी वाटत नाही. पण त्याच वेळी, २०२५ मध्ये, अलास्कातल्या एका छोट्या गावात सामोआत जन्मलेल्या काही जणांवर बेकायदा मतदानाचे खटले भरले गेले, हेही खरं.

हे सगळं वाचताना मला सारखा गोवा आठवत होता. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. माझे आजोबा फुलाच्या बाजूचे होते आणि शेवटपर्यंत त्यावर तावातावाने बोलायचे. फूल हरलं. आपल्याकडे अनेकांना वाईट वाटलं, पण कौल मानला गेला. गोवा केंद्रशासित असतानाही लोकसभेत त्यांचे खासदार होते आणि ३० मे १९८७ ला ते राज्य झालं. गंमत म्हणजे प्युर्टो रिकोचं पहिलं सार्वमतही १९६७ चंच, जुलैमधलं. त्यानंतर १९९३, १९९८, २०१२, २०१७, २०२० आणि २०२४. एकूण सात! २०२० मध्ये राज्याच्या बाजूने ५२ टक्क्यांहून जास्त मतं पडली, २०२४ मध्येही तोच पर्याय पुढे होता. पण यातलं एकही सार्वमत काँग्रेसवर बंधनकारक नाही. म्हणजे लोकांना विचारायचं, आणि उत्तर फाइलला लावून टाकायचं.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. त्याची मुलगी तिथेच जन्मली, ती नागरिक. फोनवर त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, आमचं निदान कळतं. आम्ही बाहेरचे. ते तर घरातलेच ना?"

मला याचं उत्तर आलं नाही. पण ग्रीनलंडच्या लोकांना मात्र कुणी "आमच्यात या" म्हणालं, तर त्यांनी मोठमोठ्या आकड्यांच्या आधी एवढंच विचारावं असं वाटतं: आम्हाला मत असेल का, आणि ते मोजलं जाईल का? जवळ शंभराहून जास्त वर्षांचा अनुभव असलेली माणसं सॅन हुआनमध्ये आहेत. त्यांना एक फोन करायला हरकत नाही.

असो. उद्या सोमवार.