वायर बसली, पण...

पावसाळा आला की कोल्हापुरात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच आकडा फिरतो. राजाराम बंधारा, इतके फूट इतके इंच. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. बाहेरच्या पाहुण्याला यातलं काही कळत नाही, आपल्याला मात्र आकड्यावरून कुठल्या गल्लीत पाणी आलं असेल ते सांगता येतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच.

त्या २०२१ च्या रात्रीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. विषय ऐकून हसाल. विषय आहे वायर. डेटा केबल.

माझं लग्नाच्या फोटो-शूटिंगचं दुकान शाहूपुरीतल्या एका सखल गल्लीत. त्या संध्याकाळी नाल्याचं पाणी रस्त्याच्या कडेला दिसायला लागलं, तेव्हा ठरवलं की कॉम्प्युटरमधला सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचा आणि निघायचं. तुम्ही म्हणाल, अख्खा सीपीयूच उचलायचा की. उचलला असता. पण कळंब्याला बहिणीकडं जायचं होतं, स्कूटर एक, पाऊस धो-धो, आणि मागच्या सीटवर आई. आई आणि सीपीयू दोन्ही बसत नव्हतं.

डेटा होता ६४० जीबी. पाच वर्षांची लग्नं. कॉपी लावली आणि स्क्रीनवर उरलेला वेळ आला : पाच तास. म्हटलं, असेल, डेटा मोठा आहे. खुर्च्या-कॅमेरे माळ्यावर चढवले, आईला शेजाऱ्यांकडं बसवलं, चहा घेतला. फोल्डर वर्षाप्रमाणे लावलेले, म्हणजे २०१६ आधी, २०२० सगळ्यात शेवटी. रात्री उशिरा वीज गेली. इन्व्हर्टरनं पाऊण तास दिला. तेवढ्यात २०१९ संपलं. २०२० राहिलं.

सीपीयू माळ्यावर ठेवला आणि निघालो. पुराचं पाणी माळ्यापर्यंत पोचलंच नाही. वरचा पत्रा मात्र आठवडाभर गळत राहिला, नेमका त्या कोपऱ्यात. मशीन सुरू झालं नाही. डिस्क दोन ठिकाणी दाखवली, काही निघालं नाही.

२०२० मध्ये लॉकडाऊनमुळं लग्नं झालीच किती? माझ्याकडं चार. त्यातलं एक फेब्रुवारीतलं. त्या मुलीचे वडील २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात गेले. पाठवणीच्या वेळी ते माइक हातात घेऊन दोन-तीन मिनिटं बोलले होते, ते मी सलग शूट केलेलं. अल्बमचं बिल राहिल्यामुळं पूर्ण व्हिडिओ द्यायचा राहिला होता, आणि बिल मागायला मलाच संकोच वाटत होता. दिवाळीला ती दुकानात आली. "दादा, बाबांचं बोलणं तेवढं द्या, बाकी काही नको." माझ्याकडं होती व्हॉट्सॲपवर पाठवलेली चार मिनिटांची हायलाइट. तिच्यात गाणं आहे, वडिलांचा आवाज नाही.

हे सगळं नशीब म्हणून मी सोडून दिलं होतं. वर्षभरानं भाचा दुकानात बसला होता. हार्ड डिस्कला लावलेली वायर हातात घेऊन म्हणाला, "मामा, ही तर जुन्या मोबाइलच्या चार्जरची हाय. ह्या डिस्कची न्हवं."

"बसतीय की, चालतीय की," मी म्हणालो.

"बसतीय म्हणूनच तर घोळ."

ज्यांच्याकडं चार-पाच वर्षांपूर्वीची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे त्यांनी आत्ता उठून बघा. तिचं भोक रुंद असतं, दोन तुकडे शेजारी जोडल्यासारखं. त्यातला मोठा तुकडा म्हणजे आपलं जुनं मायक्रो यूएसबीच. तिथं साधी मोबाइलची वायर व्यवस्थित बसते, दिवा लागतो, फोल्डर उघडतात. फक्त शेजारच्या तुकड्यातले वेगाचे पाच पिन रिकामे राहतात आणि डिस्क गुपचूप २००० सालच्या यूएसबी २.० च्या वेगानं चालते. स्क्रीनवर तक्रार येईलच असं नाही. माझी मूळ रुंद तोंडाची वायर कधीतरी कुठल्या तरी मांडवात राहिली असणार.

मग आम्ही मोजलं. तीच डिस्क, ४० जीबीचं एकच फोल्डर. मोबाइलच्या वायरीनं २० मिनिटं. योग्य वायरीनं सहाच्या आत. म्हणजे त्या रात्रीचे पाच तास दीड तासात संपले असते. वीज जायच्या कितीतरी आधी.

थोडा हिशेब सांगतो, कारण पाकिटावरचे आकडे फसवतात. यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ६० मेगाबाइट, तेही कागदावर. हातात पडतात ३०-४०. यूएसबी ३ चा वेग ५ गिगाबिट, दहापटीहून जास्त. मग माझं काम दहापट का झालं नाही? कारण फिरत्या तबकडीची डिस्कच सेकंदाला सव्वाशेच्या आसपास देते. तिथं एसएसडी असती तर अर्ध्या तासात खेळ खलास. साखळीतला सगळ्यात हळू गडी बाकीच्यांना आपल्या चालीनं चालवतो. सीपीयूच्या पुढचं काळं पोर्टसुद्धा असाच गडी असतो. मागचं निळं बघा. निळा रंग सक्तीचा नाही म्हणा, पण बऱ्याचदा खरा निघतो.

आता टाइप-सी आलं आणि सगळ्यांची तोंडं एकसारखी झाली. याचं कौतुक मलाही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीत ग्राहक व्यवहार खात्याच्या बैठकीत टाइप-सीवर एकमत झालं, पुढं भारतीय मानक ब्युरोनं त्याचं मानकही काढलं. युरोपात तर डिसेंबर २०२४ पासून सक्तीच आहे. पण तोंड एक झालं म्हणून आतल्या तारा एक होत नाहीत. टाइप-सीला २४ पिन असतात. स्वस्त वायरीत वीज आणि जुन्या डेटाच्या मोजक्या तारा ओढतात, वेगाच्या जोड्या गाळतात. बाहेरून काडीचा फरक दिसत नाही.

दुकानात जाऊन विचारा, "फास्ट आहे का?" उत्तर येतं, "एकदम नाद खुळा, ६५ वॅट!" अहो, वॅट म्हणजे चार्जिंग. मी डेटाचं विचारतोय. १०० वॅटची वायर डेटाला ४८० मेगाबिटचीच असू शकते, आणि बहुतेक वेळा असतेच. महागडं घेतलं म्हणून सुटका नाही. आयफोन १५ प्रो १० गिगाबिटनं डेटा देऊ शकतो, पण त्याच्या डब्यात आलेली वायर यूएसबी २ ची. लाखाच्या पुढच्या फोनची ही गत, तर आमच्या दीडशेच्या वायरीचं काय सांगावं.

नावांचा गोंधळ वेगळाच. यूएसबी ३.० चं ३.१ जेन १ झालं, त्याचं ३.२ जेन १ झालं, वेग तोच. आपल्याकडं रस्त्यांची नावं बदलतात, खड्डे तेच, तसं. शेवटी २०२२ मध्ये त्या संघटनेलाच शहाणपण सुचलं आणि नुसता आकडा छापा म्हणाले : ५, १०, २०, ४० गिगाबिट. तोच आकडा पाकिटावर शोधा. नसेल तर ४८० समजून चाला. दोन मीटर लांब, मऊ, वेणीची वायर स्वस्तात मिळाली तर ती चार्जिंगचीच; वेगाच्या वायरी साधारण मीटरभराच्या आणि थोड्या ताठ असतात.

माझी मागणी फार मोठी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा आणि मानक कळण्याचा हक्क आपल्याला आहे. एमआरपी छापता, वॅट मोठ्ठे छापता, तर डेटाचा वेगही छापा. राजारामपुरीतल्या, लक्ष्मीपुरीतल्या दुकानदार मित्रांनी तर कायद्याची वाट न बघता दोन खोकी वेगळी ठेवावीत, एक चार्जिंगचं, एक डेटाचं.

बाबूराव पेंटरांच्या गावात राहतो आपण. त्यांच्या बहुतेक मूकपटांची आज रिळं नाहीत. माझ्या लग्नाच्या व्हिडिओंची आणि त्यांची तुलना नाही, पण गेलेलं रीळ म्हणजे काय हे या गावाला सांगावं लागत नाही.

आता बंधारा ३० फुटांवर गेला की मी कॉपी लावतो, २०२० नंतरची नवी वर्षं आधी. वायर डिस्कला सुतळीनं बांधून ठेवली आहे.

आणि एक विनंती. फेब्रुवारी २०२० मध्ये कोल्हापुरातल्या लग्नांना गेलेल्यांनी जुन्या फोनमध्ये बघा. कुणाकडं पाठवणीच्या वेळी वधूपिता माइकवर बोलतानाचं शूटिंग असेल तर कळवा. कुठलं लग्न ते मी मेसेजमध्ये सांगेन. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, त्यात तो दाबला जातो. फोन घेऊन दुकानात या. केबल माझ्याकडं आहे.