पाहुण्यास काय दाखवावें?

परगांवच्या स्नेह्यानें ‘तुमच्याकडे पाहण्यासारखें काय आहे?’ असें विचारलें, कीं वऱ्हाडांतील माणूस संकोचतो. ‘आमच्याकडे काय असणार? कापूस, ज्वारी आणि ऊन!’ हें त्याचें ठरलेलें उत्तर. पुणेकरास असा संकोच सहसा शिवत नाहीं. आम्ही बुलढाणा जिल्ह्याचे. परंतु पाहुणा आला, कीं आम्ही हें उत्तर न देतां त्यास दोन ठिकाणीं नेतों: सिंदखेड राजा आणि लोणार. सकाळीं एक आणि दुपारीं दुसरें, अशीं दोन्ही एका दिवसांत पाहून होतात. मात्र ‘पाहून होणें’ आणि ‘पाहणें’ यांत अंतर आहे.

सिंदखेड राजा आज तालुक्याचें गांव असलें, तरी एके काळीं तें जाधवरावांचें वैभवशाली ठाणें होतें. जालन्याहून मेहकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजवाड्याचा भव्य दरवाजा उभा आहे. १२ जानेवारी १५९८ हा जिजाबाईंचा जन्मदिवस. दरवर्षीं त्या दिवशीं महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसें येथें लोटतात. रंगमहाल दाखविला, कीं रंगपंचमीची गोष्ट आपोआप निघते. बाल शहाजी आणि जिजा यांनीं एकमेकांवर रंग उधळला, लखुजी कौतुकानें कांहीं बोलून गेले, आणि मालोजींनीं तो शब्द सोयरीक म्हणून पक्का धरला. बखरींतील ही कथा पाहुण्यांस फार आवडते. ती ऐकून ते समाधानानें मोटारीकडे वळतात.

नेमकें तेथेंच आम्ही त्यांस थांबवितों आणि लखुजीरावांच्या समाधीकडे नेतों. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादेस निजामशाही दरबारांत लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व रघोजी आणि नातू यशवंतराव यांची दग्यानें हत्या झाली. एका दिवसांत जिजाबाईंचें माहेर उजाड झालें. पुढें सातच महिन्यांनीं, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे आजोबा, दोन मामा आणि मामेभाऊ मारले गेले, तेव्हां महाराज मातेच्या उदरांत होते. राजवाड्यापुढें उभें राहून हा हिशोब कोणी करीत नाहीं; समाधीपुढें तो करावाच लागतो. ज्या गांवास आपण केवळ जन्मोत्सवाचें गांव समजतों, तें दुःखाचेंही गांव आहे, हें तेथें ध्यानांत येतें. २०२४ सालीं याच समाधीच्या परिसरांत पुरातत्त्व खात्यास जमिनीखालीं शेषशायी विष्णूची मूर्ति सापडली. जाधवांच्याही पूर्वींचें सिंदखेड इतकीं वर्षें आमच्या पायांखालीं निजून होतें!

तेथून पूर्वेस लोणार. हें मूळचें निवांत गांव. दुपारीं तर दुकानदारही गिऱ्हाइकाकडे सावकाश पाहतो. गांव संपतें न संपतें, तोंच पुढची जमीन नाहींशी होते आणि सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें विवर समोर येतें. तळाशीं खारें पाणी. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. परंतु त्यापूर्वींच ‘ऐन-इ-अकबरी’नें लोणारचा उल्लेख केला होता. गांवाचा इतिहास तर निराळाच: येथें लवणासुर राहत असे व विष्णूनें त्यास मारिलें. गांवांतलें दैत्यसूदनाचें शिल्पसमृद्ध मंदिर त्याच कथेचें. विद्वान मंडळी दीर्घकाळ यास ज्वालामुखीचें मुख मानीत. हा आघात आकाशांतून आला, हें १९७३ च्या संशोधनानें पक्कें केलें. २०१० च्या एका मोजणीनें त्याचें वय सुमारें ५ लाख ७० हजार वर्षें ठरविलें.

पाहुणे काठावरून छायाचित्रें घेतात आणि घड्याळाकडे पाहतात. २०२० च्या जूनमध्यें क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळें पाणी गुलाबी झालें, तेव्हांपासून कित्येकांस तें गुलाबीच हवें असतें! त्याच वर्षीं सरोवराचें नांव रामसर यादींत गेलें. समृद्धी महामार्गानें मुंबई-नागपूरची वाट सोपी केली. पाहुणे लवकर येऊं लागले. परंतु लवकर जाऊंही लागले. अशाच एका घाईंतल्या स्नेह्यास तेथील म्हातारा चहावाला म्हणाला, ‘सायेब, तळं काई पयून जाते का? बसा, चहा घ्या.’

आम्ही त्याचाच पक्ष घेतों. स्नेह्यांस धारेवर नेऊन बसवितों. गोमुखांतून गोडें पाणी अखंड पडत असतें, भाविक स्नानें करीत असतात, आणि खालीं झाडीपलीकडे तें खारें पाणी निश्चल पडलेलें असतें. अर्धा तास कोणी बोललें नाहीं, म्हणजे मोरांचा आवाज ऐकूं येतो. ही शांतता लोणारची खरी संपत्ति. ती पाहुण्यांनींच राखली, तर राहील. मोटारींतील गाणें बंद करावें, हातांतील कागद तेथें टाकूं नये, आणि शक्य तर रात्रीचा मुक्काम करावा, एवढीच आमची विनंति. ज्वारीची भाकरी मिळेल. ऊन तर आहेच.