येळवणी

टेबलाच्या वर, प्रेक्षकांच्या बाजूला, एक मोठा आरसा तिरका टांगलेला असे. पाककृतींची प्रात्यक्षिके नेमाने पाहणाऱ्या बायकांना त्याची इतकी सवय झालेली असे की टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांचे क्वचितच लक्ष जाई. मान वर करून त्या आरशातली कढई पाहत. आरशात सगळे वरून दिसे, जणू आपणच शेगडीशी उभ्या आहोत असे. फक्त उजव्या हाताने ढवळणारा माणूस त्यात डावखुरा दिसे. नव्याने येणाऱ्या बायकांचा या गोष्टीने थोडा गोंधळ होई. जुन्या बायका मात्र वहीत लिहिता लिहिता ती मनातल्या मनात सरळ करून घेत.

स्वयंपाक ही पाहण्याची गोष्ट आहे, आणि ती पाहण्यासाठी तिकीट काढून खुर्चीवर बसावे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. छापील पुस्तके त्याआधी आली. मराठीतले ‘सूपशास्त्र’ १८७५चे आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१०चे. पण पुस्तक घरात एकटीने उघडायचे असते. दिल्लीत मिसेस बलबीर सिंग यांनी १९५५ साली पाककलेचे वर्ग सुरू केले, मुंबईत तरला दलाल यांनी १९६६ साली. दोघींचीही पुस्तके वर्गांनंतर आली, अनुक्रमे १९६१ आणि १९७४ साली. म्हणजे आधी समोर बसलेल्या बायका आणि मग कागद, असा तो क्रम होता. शंका विचारणाऱ्या बायकांपुढे उभे राहिलेल्या माणसाचे लिहिणे निराळे होते. कुठे तपशील द्यावा आणि कुठे गृहीत धरावे, हे त्याला आधीच कळून चुकलेले असते.

गॅसची शेगडी आणि प्रेशर कुकर यांनीही या प्रकाराला मोठा हातभार लावला. कुकर स्फोट करील या भीतीने तो घरात आणायला बायका तयार नसत. तेव्हा विक्रेत्यांनी तो सभागृहात आणून शिट्टी वाजवून दाखविली. त्या शिट्टीबरोबर भात आणि वरण एकदमच शिजलेले पाहून पुढच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजविल्या, असे सांगणाऱ्या वृद्ध स्त्रिया अजूनही भेटतात.

बडोद्यात या प्रात्यक्षिकांना श्रोतृवर्ग आयताच होता. गायकवाडांच्या काळापासून तिथे स्थिरावलेली मराठी घरे, त्यांची मंडळे, हळदीकुंकवाचे समारंभ. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यात गृहविज्ञानही शिकविले जाऊ लागले. त्यामुळे उष्मांक, प्रथिने हे शब्द तिथल्या मध्यमवर्गीय घरांत इतर गावांच्या मानाने लवकर शिरले. अशाच एका मंडळाच्या सभागृहात, तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर, एक शिक्षिका पुष्कळ वर्षे बसत आली. शाळेत ती गणित शिकवी. तिच्याजवळ लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही असे आणि तिच्या प्रत्येक पानावर उजवीकडे समासाची रेघ ओढून तिने प्रमाणांसाठी जागा राखलेली असे.

ही वही तिला का लागली, याला कारण तिची आई होती. आईचा हात गावभर वाखाणला जाई. वडील रेल्वेच्या कचेरीत होते, आणि त्यांच्या कचेरीतले गुजराती सहकारी होळीला मुद्दाम या घरी पुरणपोळी आणि कटाची आमटी जेवायला येत. पण लेकीने कधीही विचारले, “आई, गूळ किती?” तर उत्तर ठरलेले, “लागेल तेवढा.” मीठ? अंदाजाने. किती वेळ? “होईपर्यंत.” या उत्तरांत उर्मटपणा नव्हता, पण शिकणाऱ्याला धरायला काठही नव्हता. लेकीचे लग्न झाले, ती दोन गल्ल्या सोडून राहू लागली, तिच्या पुरणाचा कधी दगड झाला तर कधी खीर. सासरचे कुणी काही बोलले नाही. न बोलणेही पुरेसे असते.

म्हणून ‘रुचिरा’ तिच्या हाती पडले तेव्हा तिला ते पुस्तक जवळजवळ दिलासा वाटले. कमलाबाई ओगले यांचे हे पुस्तक १९७० साली निघाले आणि त्यात मापे वाटी-चमच्याची होती. शेर, पावशेर आणि तोळे जाऊन किलो-ग्रॅम येण्याची ती वर्षे. १९५६च्या कायद्यानंतर बाजारात वजने बदलली होती, पण स्वयंपाकघरात तराजू कुणाच्याच नव्हता. वाटी मात्र प्रत्येकीकडे होती. दोन घरांतल्या वाट्या सारख्या नसतात हे खरे, पण डाळ ज्या वाटीने घ्यायची तिनेच गूळ घेतला की वाटीचा आकार हिशेबातून आपोआप निघून जातो. गणिताच्या शिक्षिकेला ही गोष्ट फार आवडली. प्रात्यक्षिकांना ती जाऊ लागली ती याच ओढीने: जे आईच्या हातात होते ते कुणीतरी आकड्यांत मांडून दाखवील या आशेने.

आणि खरोखरच पुष्कळ काही तिथे मिळाले. कणीक तेल-पाण्यात भिजवून किती वेळ ठेवावी, पुरण गरम असतानाच यंत्रातून का काढावे, पोळी लाटताना तांदळाची पिठी का वापरावी, हे तिला तिथे समजले. पण अशा कार्यक्रमांत एक गफलत असते, आणि ती उशिरा ध्यानात येते. दीड तासात चार पदार्थ दाखवायचे तर शिजण्याला वेळ देता येत नाही. डाळ शिजायला घातली की टेबलाखालून दुसरे पातेले वर येते आणि “हे आधीच करून आणलं आहे,” असे हसून सांगण्यात येते. पुरण सैल असते ते घट्ट होईपर्यंतची जी वीस-पंचवीस मिनिटे, नेमकी तीच गाळलेली असतात. कच्चे दिसते, तयार दिसते. होणे दिसत नाही. वहीत त्या जागी ती “घट्ट होईपर्यंत” असे लिही, आणि हे आईच्याच उत्तरासारखे आहे, हे तिच्या मनात येत नसे.

१९९४ साली होळीच्या आधी मंडळाने एका मोठ्या हॉटेलातल्या आचाऱ्याला बोलावले. ‘खाना खजाना’ वर्षभरापूर्वीच दूरचित्रवाणीवर सुरू झालेला. पांढरा डगला आणि उंच टोपी यांचे तेव्हा भलतेच आकर्षण होते. सभागृह भरले. त्या दिवशी लेकीने आईलाही बरोबर आणले होते. आईला मोतीबिंदूमुळे आरशातले फारसे दिसत नव्हते, आणि तिने तसे सांगितलेही. पण लेकीला वाटले, एकदा तिने पाहावे, इतकी वर्षे आपण काय शिकतो ते.

आचारी चांगला बोलत होता. हातही सफाईचा होता. त्याने कुकर उघडला, हरभऱ्याची डाळ चाळणीत ओतली आणि खाली निळ्या प्लास्टिकच्या बादलीत पाणी पडू लागले. पाण्याचा तो आवाज आईने ऐकला. दिसले नसेल, पण आवाज ओळखीचा होता आणि भांड्याचा नव्हता. आई उभी राहिली. घरात बोलावे तशा स्वरात ती म्हणाली, “अहो, ती येळवणी टाकू नका.”

सभागृहात क्षणभर कुणाला कळेना, कोण बोलले. आचारी हसला, आणि उद्धटपणाने मुळीच नाही. “आजी, आजचा आपला विषय पुरणपोळी आहे. आमटीसाठी मला पुन्हा बोलवा.” लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हते. अशा सभांत दर वेळी कुणी तरी असे बोलतेच. आई म्हणाली, “पण आमटीशिवाय पोळी—” आणि मग आपण उभ्या आहोत हे ध्यानात आल्यासारखी बसली. शेजारच्या बाईने लेकीकडे पाहिले. लेकीने मान खाली घातली आणि वहीत लिहिले: डाळ १ वाटी, गूळ १ वाटी. हे प्रमाण तिला पंधरा वर्षांपासून पाठ होते. ते लिहिण्याची काहीच गरज नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर द्रोणातून चव घ्यायची रांग लागली. लेक रांगेत उभी राहिली. आईला खुर्चीतच बसवून दोन द्रोण आणावेत असा तिचा विचार होता. वळून पाहिले तर खुर्ची रिकामी. आई टेबलाच्या मागच्या बाजूला, आरशात कधीच न येणाऱ्या जागेत उभी होती. तिथे एक मदतनीस बाई भांडी आवरीत होती. कांदे चिरणे, खोबरे किसणे, “आधीच करून आणलेली” पातेली करून आणणे, ही सगळी कामे तिची. व्यासपीठावरून आभार मानताना ध्वनिक्षेपकवाल्याचेही नाव घेतले गेले होते, तिचे नव्हते. बादलीतले पाणी तिने टाकले नव्हते. गाळून एका स्टीलच्या बरणीत भरून ठेवले होते, घरी न्यायला. गुजराती घरांत तुरीच्या डाळीचे असेच पाणी काढून त्याचे ओसामण करतात, लचको दाळीबरोबर. हरभऱ्याचे तिला थोडे अपरिचित होते, पण फेकायचे नाही एवढे ठाऊक होते.

लेक रांगेतून दोघींना पाहत होती. मध्ये पन्नास माणसे. आई हात हलवून काही सांगत होती. तळवा उघडून त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने रेघ दाखवीत होती, इथपर्यंत, असे. चिमटीने काही दाखविले. मग वास घेतल्यासारखे केले. मदतनीस बाई हातातले काम थांबवून मान डोलवीत होती. पुढे सरकता सरकता लेकीला तिचा एकच प्रश्न ऐकू आला: “बा, क्यारे उतारवुं?” केव्हा उतरवायचे. आणि या प्रश्नाला आईने “होईपर्यंत” असे उत्तर दिले नाही. आई बडोद्याच्या मिश्र बोलीत बराच वेळ बोलत राहिली. रांग तेवढ्यात पुढे गेली आणि शेगडीजवळच्या गलक्यात तिचा आवाज बुडाला.

घरी परतताना रिक्षात लेकीने विचारले, “तिला काय सांगत होतीस?”

“काही नाही ग. येळवणीचं.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

आईने थोडा वेळ विचार केला. “तू किती किती एवढंच विचारायचीस,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पोळी बरी होती त्याची. जायफळ जास्त झालं होतं.”

हे बोलणे तिथेच राहिले. विचारायला पुढे वर्षे होती. लेकीच्या शाळेतल्या परीक्षा, मुलांची शिक्षणे, आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया यांत ती गेली. होळीला आमटी आईच करी. सभागृहात उठून आपण म्हणावे, “आई बरोबर बोलते आहे,” एवढे एक वाक्य आपल्याला सुचले नाही, ही बोच लेकीने कुणापाशी काढली नाही. प्रात्यक्षिकांना ती जात राहिली, पण वहीत पूर्वीइतके लिहीनाशी झाली. २००१ साली आई गेली.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी त्याच सभागृहात एका पाकपुस्तकाच्या लेखिकेचा कार्यक्रम होता. आरसा जाऊन तिथे पडदा आला होता. आता कढईतला एकेक मोहरीचा दाणा तडतडताना मागच्या रांगेतूनही दिसे, आणि उजवा हात उजवाच दिसे. लेक आता स्वतः निवृत्त झालेली. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच तिला टेबलाच्या मागे ती बाई दिसली. केस पिकलेले, पण कांदा चिरताना मनगट टेकविण्याची लकब तीच. लेक उठून तिच्यापाशी गेली. बोलावे कसे हे कळेना, तेव्हा तिने सरळच विचारले: फार पूर्वी होळीच्या वेळी एक म्हातारी बाई इथे तुमच्याशी बोलली होती, चण्याच्या डाळीच्या पाण्याबद्दल, आठवते का?

बाईने सुरी खाली ठेवली. आठवत होते. “माजी ना? चष्मावाळी.” दर होळीला ती तशीच आमटी करीत होती. खोबरे किसून नाही भाजायचे, असे माजीने सांगितले होते. अख्खी वाटी चिमट्यात धरून ज्योतीवर धरायची, कडा काळी होऊन पेट घेईल इतकी, मग फुंकून विझवायची आणि जिऱ्याबरोबर वाटायची. चिंच आधी, गूळ नंतर. बरणीत येळवणी थंड झाली की वर निवळ आणि खाली दाट होते. दाट हलवून घ्यायची, पण मूठभर पुरणही त्यात कालवायचे, यंत्रातून न निघालेले, तळाशी राहिलेले. लेकीला हे शेवटचे माहीत नव्हते. पुरणयंत्राच्या तळाशी राहिलेले ते पुरण ती दर वर्षी गाईला घाली.

“आणि उतरवायची केव्हा?” तिने विचारले. वही तिने आणली होती, पण पिशवीतून काढली नव्हती.

“उकळी आवे ने, त्यावेळी नाही,” बाई म्हणाली. “माजीने सांगितलं होतं, उकळी आल्यावर वर फेस येतो, तो बसू द्यायचा. तो बसला की वास बदलतो. तोपर्यंत डाळीचा वास येतो, आणि मग—”

पडद्यावर दिवा लागला. लेखिका व्यासपीठावर आली, टाळ्या सुरू झाल्या, आणि कुणीतरी टेबलापासून हाक मारली, “बेन, ते दुसरं पातेलं आणा.” बाईने हात पुसले, पातेले उचलले आणि जाता जाता मागे वळून म्हणाली, “घरी करून बघा, कळेल.”

लेक आपल्या खुर्चीकडे परत गेली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत ती तिथेच, भांड्यांच्या बाजूला, एका उपड्या घातलेल्या टोपावर टेकून बसून राहिली.